घरच्या घरी मुलांचे पोर्ट्रेट काढायला शिकताना: पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूल घरात आले की कॅमेरा बाहेर निघतो आणि फोटोंची संख्या भराभर वाढते. मात्र त्या ढिगाऱ्यात मुलाचा चेहरा मनासारखा उतरला आहे असे फोटो हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतात, अशी अनेक पालकांची तक्रार असते. पुढील उत्तरे अशा पालकांसाठी आहेत. त्यांत एक भूमिका सर्वत्र दिसेल, ती आधीच सांगितलेली बरी. घरातल्या पोर्ट्रेटमध्ये तयारी करायची ती जागेची आणि प्रकाशाची, मुलाची नव्हे. जागा नीट निवडली आणि कॅमेरा आधीच लावून ठेवला, तर ‘इकडे बघ, सरळ बस’ असे मुलाला सांगण्याची वेळ फारशी येत नाही.

घरातला नेहमीचा फोटो आणि पोर्ट्रेट यांत फरक काय?

नेहमीच्या फोटोचा विषय बहुधा एखादा प्रसंग असतो: पहिले पाऊल, नवे खेळणे, पडलेला दात. पोर्ट्रेटचा विषय ती व्यक्ती असते. मूल काय करत आहे यापेक्षा ते कसे आहे, हे त्यात दिसावे अशी अपेक्षा असते, आणि म्हणून चेहरा, डोळे, हात आणि त्यांच्यावर पडणारा प्रकाश यांना महत्त्व येते. मुलाने कॅमेऱ्याकडे पाहिलेच पाहिजे असे नाही. कोडे सोडवताना खाली झुकलेला चेहराही उत्तम पोर्ट्रेट होऊ शकतो.

घरातच शिकून या कलेत मोठे काम झाले आहे, याचे ठळक उदाहरण म्हणजे ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. १८१५ मध्ये कलकत्त्यात जन्मलेल्या या बाईंना १८६३ च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला. इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावरील घरी त्यांनी कोळशाच्या खोलीची डार्करूम केली, कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केला, आणि नातेवाईक, शेजारची मुले, घरात काम करणाऱ्या मुली यांची छायाचित्रे काढली. आपले पहिले यश म्हणून त्यांनी ज्याची नोंद केली, ते जानेवारी १८६४ मधील छायाचित्र एका लहान मुलीचेच आहे. त्या काळी एक्स्पोजर, म्हणजे एका फोटोसाठी प्रकाश आत घेण्याचा वेळ, काही मिनिटांचे असे, हे लक्षात घेतले की आजच्या पालकांची ‘मूल एक क्षण स्थिर राहत नाही’ ही तक्रार जरा सौम्य वाटू लागते.

चांगला कॅमेरा घेतल्याशिवाय शिकता येईल का?

येईल, आणि सुरुवात हातातल्या फोननेच करावी असा आमचा सल्ला आहे. प्रकाश पाहणे, उंची आणि अंतर ठरवणे, पार्श्वभूमी स्वच्छ ठेवणे आणि योग्य क्षणाची वाट पाहणे या गोष्टी कोणत्याही कॅमेऱ्यावर सारख्याच शिकाव्या लागतात.

फोनच्या बाबतीत दोन खबरदाऱ्या घ्याव्यात. फोनचा मुख्य कॅमेरा बराच वाइड (विस्तृत दृश्य घेणारा) असतो, म्हणजे फुल-फ्रेम (प्रकाश टिपणारा सेन्सर मोठा असलेल्या) कॅमेऱ्यावरील साधारण २४ ते २८ मिलिमीटर लेन्सइतका. त्याने चेहरा फ्रेमभर घ्यायचा तर फार जवळ जावे लागते, आणि मग नाक मोठे व कान मागे गेलेले दिसतात. दोनपट झूमचा पर्याय निवडून दोन पावले मागे सरकल्यास हा दोष जातो. दुसरी बाब पोर्ट्रेट मोडची. त्यात पार्श्वभूमी गणिताने धूसर केली जाते, त्यामुळे भुरभुरणारे केस, चष्म्याची कड किंवा बोटांमधली फट या ठिकाणी ते गणित वारंवार चुकते. शिकण्याच्या काळात हा मोड बंदच ठेवावा. मागचा पसारा उघडा दिसू लागला की तो टाळण्याची सवय आपोआप लागते.

लेन्स घ्यायचीच असेल, तर कोणती?

पहिली लेन्स म्हणून ५० मिलिमीटर, एफ/१.८ ही निवड अजूनही चुकीची ठरत नाही. (एफचा आकडा लेन्सचे छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, किती उघडे आहे ते सांगतो; आकडा लहान तितके छिद्र मोठे.) लहान सेन्सरच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर तिचा कोन ७५ ते ८० मिलिमीटर लेन्ससारखा होतो, जो चेहऱ्यासाठी उत्तम आहे. मात्र खोली लहान असेल, तर त्याच कॅमेऱ्यावर ३५ मिलिमीटरची लेन्स जास्त सोयीची पडते, कारण पाठ भिंतीला टेकल्यावर आणखी मागे जाता येत नाही. फुल-फ्रेमवर ८५ मिलिमीटरची शिफारस नेहमी केली जाते, पण घरात रांगत्या मुलामागे धावताना ती अडचणीचीच ठरते.

चेहऱ्याची प्रमाणे बदलतात ती कॅमेरा आणि चेहरा यांच्यातल्या अंतरामुळे. लेन्स फक्त त्या अंतरावरून दृश्याचा किती भाग घ्यायचा ते ठरवते. अंतर दीड मीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त ठेवले, की चेहरा डोळ्यांना सवयीचा असतो तसा दिसतो.

घरात चांगला प्रकाश कुठे शोधावा?

खिडकीजवळ. या एका उत्तरावर घरातले निम्मे शिक्षण उभे आहे, म्हणून ते सविस्तर देत आहोत.

प्रकाशाचा स्रोत चेहऱ्याच्या तुलनेत जितका मोठा, तितक्या सावल्यांच्या कडा मऊ. सूर्य प्रत्यक्षात प्रचंड असला तरी आकाशात तो जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो. म्हणून थेट उन्हात नाकाची सावली सुरीने कापल्यासारखी पडते आणि मूल डोळे बारीक करते. तेच ऊन पातळ पांढऱ्या पडद्यातून आले, की अख्खा पडदाच प्रकाशाचा स्रोत होतो. ज्या खिडकीतून थेट ऊन न येता नुसते आकाश दिसते, ती तर दिवसभर वापरता येते.

आता मुलाला खिडकीच्या बाजूला, काचेपासून सुमारे एक मीटरवर बसवा आणि त्याचा चेहरा हळूहळू फिरताना नुसते बघा. कॅमेरा अजून हाती घेऊ नका. तोंड थेट खिडकीकडे असताना संपूर्ण चेहरा उजळलेला, पण सपाट दिसतो. ते थोडे वळले, की लांबच्या गालावर नाकाची सावली उतरते आणि चेहऱ्याला उठाव येतो. आणखी वळल्यावर त्या बाजूच्या डोळ्याखाली प्रकाशाचा फक्त एक लहान त्रिकोण उरतो, आणि पूर्ण वळल्यावर अर्धा चेहरा अंधारात जातो. बहुतेक मुलांचे पोर्ट्रेट या मधल्या टप्प्यांत चांगले येते. डोळ्यांत पाहा: खिडकीचे लहानसे पांढरे प्रतिबिंब बुबुळाच्या वरच्या भागात दिसत असेल, तर जागा बरोबर आहे. ते दिसत नसेल, तर डोळे निर्जीव वाटतात, मग बाकी सारे कितीही बिनचूक असो.

सावलीची बाजू फार गडद वाटत असेल, तर त्या बाजूला पांढरा पुठ्ठा किंवा खुर्चीवर टाकलेली पांढरी चादर ठेवावी. चेहऱ्यापासून हातभर अंतरावर तिचा परिणाम स्पष्ट जाणवतो, दोन मीटरवर जवळजवळ जाणवत नाही. रंगीत वस्तूही असाच प्रकाश परतवतात, हे मात्र विसरू नये. हिरव्या चादरीवर पालथे पडलेल्या बाळाची हनुवटी हिरवट दिसते आणि नंतर ती छटा काढणे किचकट होते.

खिडकी समोर आणि मूल तिच्या अलीकडे, म्हणजे प्रकाश मुलाच्या मागून, अशी रचनाही सुंदर दिसू शकते, पण ती पहिल्या आठवड्यात करून पाहण्याची गोष्ट नव्हे.

खोलीतले दिवे चालू ठेवावेत का?

खिडकीचा प्रकाश पुरेसा असेल, तर दिवे बंद करावेत. दिवसाचा प्रकाश साधारण ५,५०० केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) आणि पिवळसर बल्बचा सुमारे २,७०० ते ३,००० केल्विनचा असतो. दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले, की एक गाल निळसर आणि दुसरा नारिंगी दिसतो; व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातील रंगाचा समतोल) कसाही ठेवला, तरी दोन्ही गाल एकदम दुरुस्त होत नाहीत.

रात्री दिव्यांवरच काम भागवायचे असल्यास एकाच रंगाचे दिवे ठेवावेत आणि मुलाला छताच्या दिव्याच्या बरोबर खाली बसवू नये, कारण डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. फोटोवर आडवे गडद पट्टे उमटत असतील, तर तो एलईडी दिव्यांच्या लुकलुकण्याचा परिणाम असतो. ५० हर्ट्झचा वीजपुरवठा असलेल्या ठिकाणी असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, त्यामुळे शटर (प्रकाश आत येऊ देण्याचा वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवल्यास पट्टे बहुधा जातात. ६० हर्ट्झ असेल तेथे १/६० किंवा १/१२० वापरावे. कॅमेऱ्याचे आवाजरहित इलेक्ट्रॉनिक शटर अशा दिव्यांखाली टाळलेले बरे.

फोटो नेहमी हललेला का येतो?

हलणे दोन प्रकारचे असते आणि त्यांची सरमिसळ होते. आपला हात हलला, तर सगळेच दृश्य धूसर होते. मूल हलले, तर सोफा स्पष्ट आणि चेहरा धूसर येतो. लेन्समधील किंवा कॅमेऱ्यातील स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) फक्त पहिल्यावर उपाय आहे. दुसऱ्यावर जलद शटरखेरीज इलाज नाही. शांत बसलेल्या मुलासाठी १/१२५ सेकंद, बोलणाऱ्या-हसणाऱ्या मुलासाठी १/२५०, आणि उड्या मारणाऱ्या मुलासाठी १/५०० किंवा त्याहून जलद शटर ठेवावे. झोपलेल्या बाळासाठी यापेक्षा बरेच संथ शटरही चालते.

नवशिक्याने कॅमेरा ऑटोवर न ठेवता शटर आणि अ‍ॅपर्चर स्वतः ठरवून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) तेवढा ऑटोवर सोडावा. घरात ही पद्धत सर्वांत कमी दगा देते.

मग आयएसओ वाढून फोटो खरखरीत होत नाही का?

होतो, पण खरखरीत आणि स्पष्ट फोटो ठेवता येतो. गुळगुळीत आणि हललेला फोटो टाकूनच द्यावा लागतो. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांवर १,६०० किंवा ३,२०० आयएसओला घाबरण्याचे कारण नाही. छापलेल्या फोटोत तर हा खरखरीतपणा स्क्रीनवर दिसतो त्याहून खूपच कमी दिसतो.

चेहरा स्पष्ट येतो, पण डोळे नाहीत. असे का होते?

अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवल्यामुळे. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटर लेन्स, एफ/१.८ आणि अंतर दीड मीटर असेल, तर स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढा भाग स्पष्ट येतो तो, सुमारे १० सेंटिमीटर मिळते; अंतर एक मीटर केले, की ती चार सेंटिमीटरच्या आसपास येते. लहान मुलाच्या डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधले अंतर साधारण पाच सेंटिमीटर असते. चेहरा तिरपा झाला, की एक डोळा दुसऱ्यापेक्षा तीनेक सेंटिमीटर मागे जातो, आणि जवळच्या डोळ्यावर फोकस असेल तर मागचा डोळा त्या चिंचोळ्या पट्ट्याबाहेर पडतो. त्यातच फोकस झाल्यानंतर आणि शटर दाबण्यापूर्वी मूल पुढे झुकले, तर स्पष्ट येतात ते कान.

उपाय सोपा आहे. एफ/२.८ ते एफ/४ वापरावे. दीड मीटरवर एफ/४ ला २० सेंटिमीटरहून थोडी जास्त खोली मिळते आणि पार्श्वभूमीही पुरेशी मऊ राहते. कॅमेऱ्यात डोळा ओळखणारा ऑटोफोकस असेल, तर तो चालू करावा; नसेल, तर एकच फोकस बिंदू निवडून तो जवळच्या डोळ्यावर ठेवावा. दोन्ही बाबतींत सतत फोकस करत राहणारा मोड घ्यावा. एफ/१.८ ची लेन्स घेतली म्हणून ती नेहमी एफ/१.८ वरच वापरली पाहिजे, ही समजूत इतकी पसरलेली आहे की घराघरांतल्या धूसर डोळ्यांचा मोठा दोष तिच्याकडे जातो.

खिडकीपाशी काढलेल्या फोटोत चेहरा काळवंडलेला का दिसतो?

कॅमेऱ्याचे मीटर (प्रकाश मोजणारी यंत्रणा) समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे, असे धरून चालते. फ्रेममध्ये उजळ खिडकी किंवा पांढरी चादर मोठ्या प्रमाणात आली, की ते सगळाच फोटो गडद करते. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करण्याची सोय) एक स्टॉपपर्यंत, म्हणजे दुप्पट प्रकाशापर्यंत, वाढवावे. फोनवर चेहऱ्याला स्पर्श करून बोट वर सरकवले, तरी बहुतेकदा हेच साधते. उलट, गडद भिंतीसमोर चेहरा पांढराफटक पडू शकतो, तेव्हा ते कमी करावे. मोजमाप नेहमी चेहऱ्याचे करावे, आणि मुलाच्या त्वचेचा रंग जसा आहे तसाच यावा हे उद्दिष्ट ठेवावे. सावळा रंग ‘उजळवण्यासाठी’ एक्स्पोजर वाढवणे ही दुरुस्ती नव्हे, ती चूक आहे.

मूल एका जागी बसतच नाही. काय करावे?

त्याला बसवू नये. त्याला तिथे थांबावेसे वाटेल असे काहीतरी चांगल्या प्रकाशात ठेवावे. खिडकीजवळ लहान स्टूल, ठोकळे, पाण्याचे भांडे आणि चमचा, चित्रांचे पुस्तक, काचेवर फुंकर मारून बोटाने रेघा ओढण्याची मुभा: मूल ज्यात रमेल ते. हात कामात गुंतले, की खांदे सैल पडतात आणि चेहऱ्यावरचा ताण जातो. आपण आधीच जमिनीवर बसून राहावे. कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर असला पाहिजे. उभ्याने काढलेल्या फोटोत डोके मोठे, पाय आखूड आणि मागे नुसती फरशी दिसते. गुडघ्यांखाली उशी घेतली तर हा सल्ला टिकतो, नाहीतर तिसऱ्या दिवशी सोडून दिला जातो.

मूल येण्यापूर्वीच सेटिंग पक्की करावीत. त्याच्या जागी एखादी बाहुली किंवा उशी ठेवून दोन-चार फोटो काढावेत, प्रकाश आणि पार्श्वभूमी तपासावी. मूल आल्यावर पालक मेनूत डोके खुपसून बसला, तर मूल निघून जाते, आणि त्यात त्याची काहीही चूक नसते.

वेळही मुलाच्या दिनक्रमातून निवडावी. पोट भरलेले आणि झोप झालेली असताना दहा-पंधरा मिनिटे मिळाली, तरी पुष्कळ. आमिष दाखवून बसवणे शक्यतो टाळावे. एकदा सौदा सुरू झाला की दर वेळी किंमत वाढत जाते, आणि चेहऱ्यावर तो सौदा दिसतोही.

‘हस बघू’ म्हटले की चेहरा वेडावाकडा होतो. खरे हसू कसे मिळवावे?

फ्रेंच वैद्य ड्युशेन यांनी १८६२ मध्येच दाखवून दिले होते की आनंदाच्या हसण्यात ओठांचे कोपरे वर खेचणाऱ्या स्नायूंबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकुंचन पावतो, आणि हा दुसरा स्नायू हुकमाने हलवणे अवघड असते. म्हणून सांगून आणलेले हसू तोंडापुरतेच राहते. मुलाला हसायला कारण द्यावे: मुद्दाम चुकीचे गाणे म्हणणे, त्याच्या खेळण्याला भलतेच नाव देणे, दुसऱ्या पालकाने आपल्या पाठीमागून डोकावणे. फोटो हसण्याच्या शिखरावर न काढता क्षणभर थांबावे. हसू ओसरतानाचा चेहरा अनेकदा अधिक बोलका असतो.

शिवाय प्रत्येक पोर्ट्रेटमध्ये हसू कशाला हवे? विचारात पडलेले, कंटाळलेले, थोडे रुसलेले मूलही तेच मूल असते. मात्र रडणाऱ्या मुलासमोर कॅमेरा धरून बसणे वेगळे. तेव्हा कॅमेरा खाली ठेवावा.

घरात पसारा असतो. पार्श्वभूमीचे काय?

अख्खे घर आवरू नये, फ्रेम आवरावी. दोन पावले डावी-उजवीकडे सरकल्याने स्विचबोर्ड, वायर किंवा डोक्यातून उगवल्यासारखा दिसणारा पडद्याचा दांडा निघून जातो. मुलाला भिंतीपासून दीड-दोन मीटर पुढे आणले, की भिंतीवरची सावली नाहीशी होते आणि मागचे तपशील मऊ होतात. खोलीच्या उघड्या दारात मूल आणि मागे अंधारी खोली, ही तर घरातली सर्वांत स्वस्त काळी पार्श्वभूमी आहे. मोठी अक्षरे किंवा चित्रे असलेले कपडे टाळावेत, कारण नजर चेहऱ्याआधी तिकडे जाते. घराच्या खुणा अगदी पुसून टाकू नयेत, एवढे मात्र सांगावेसे वाटते; झिजलेली खुर्ची किंवा भिंतीवरच्या खडूच्या रेघा पुढे चेहऱ्याइतक्याच मोलाच्या ठरतात.

दोन भावंडांचा एकत्र फोटो कसा घ्यावा?

दोघांचे चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर आणावेत आणि एफ/४ ते एफ/५.६ वापरावे. एकमेकांच्या शेजारी उभे करण्यापेक्षा दोघांना एका कामात गुंतवणे बरे: एकच पुस्तक, एकच पांघरूण, एकमेकांच्या कानात गुपित सांगणे. दोघे एकाच वेळी चांगले दिसणे दुर्मीळ असते, तेव्हा सलग अनेक फोटो काढावेत. मोठ्यावर धाकट्याला सांभाळून धरण्याची जबाबदारी टाकू नये. त्याच्या चेहऱ्यावर मग काळजीच उमटते.

चष्म्यावर चमक येते, ती कशी टाळावी?

आरशाचाच नियम येथे लागू होतो: प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो. हनुवटी किंचित खाली घेतली, चष्म्याच्या काड्या कानांवर जराशा उचलल्या किंवा मुलाला खिडकीपासून थोडे वळवले, की चमक लेन्सपासून दूर जाते. चष्मा काढायला सांगू नये. रोज चष्मा लावणाऱ्या मुलाचा चेहरा चष्म्यासहितच त्याचा असतो.

नवजात बाळाचे फोटो काढताना काय जपावे?

बाळाची सुरक्षितता फोटोच्या आधी येते, आणि येथे तडजोड नाही. हातांवर हनुवटी टेकवून ‘बसलेल्या’ बाळाचे जे फोटो पाहायला मिळतात, ते प्रशिक्षित छायाचित्रकार किमान दोन फोटो जोडून तयार करतात; प्रत्येक फोटोत कोणीतरी बाळाचे डोके किंवा मनगट धरलेले असते आणि तो हात नंतर पुसला जातो. घरी असे काहीही करून पाहू नये. टोपली, फळी, टेबलाची कड यांवर बाळ ठेवू नये. बाळाच्या वरून फोटो काढताना कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात असावा, फोन असल्यास तो दोन्ही हातांनी धरावा.

बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट पृष्ठभागावर, खिडकीच्या प्रकाशात ठेवावे. प्रकाश डोक्याच्या बाजूने यावा. पायांकडून आला, तर हनुवटी आणि नाकपुड्या खालून उजळतात आणि चेहरा भेसूर दिसतो. नवजात बाळाला २० ते ३० सेंटिमीटर अंतरावरचेच बऱ्यापैकी स्पष्ट दिसते, त्यामुळे मीटरभर दूरच्या लेन्सकडे ते पाहील अशी अपेक्षा धरू नये. आईचा किंवा बाबांचा चेहरा जवळ असला, की बाळ तिकडे टक लावून पाहते आणि तेव्हाच डोळे पूर्ण उघडे मिळतात.

फ्लॅश वापरावा का?

कॅमेऱ्यावरचा लहान फ्लॅश थेट चेहऱ्यावर टाकू नये. तो चेहरा सपाट करतो आणि मुलाला दचकवतो. डोके फिरवता येणारा वेगळा फ्लॅश असेल, तर तो पांढऱ्या छताकडे किंवा आपल्या मागच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवावा. प्रकाश मऊ होऊन परत येतो. छत रंगीत असेल, तर तोच रंग चेहऱ्यावर उतरतो. बहुतेक कॅमेऱ्यांवर साध्या फ्लॅशबरोबर १/२०० किंवा १/२५० सेकंदापेक्षा जलद शटर चालत नाही, तरीही हालचाल थिजते, कारण फ्लॅशचा लखलखाट त्याहून खूपच अल्पकाळाचा असतो.

फ्लॅशमुळे डोळ्याची बाहुली लाल दिसते, याचे कारण डोळ्याच्या मागील भागातील रक्तवाहिन्यांवरून परतणारा प्रकाश. मात्र एखाद्या डोळ्यात लालऐवजी पांढरी किंवा पिवळसर चमक वारंवार दिसत असेल, तर ती दुर्लक्षिण्याची बाब नव्हे. काही वेळा ती केवळ कोनामुळे येते. परंतु मोतीबिंदू किंवा मुख्यतः पाच वर्षांखालील मुलांत आढळणारा रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याचा कर्करोगही त्यामागे असू शकतो. असे फोटो घेऊन विनाविलंब नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

मूल फोटोला नको म्हणाले तर?

कॅमेरा खाली ठेवावा. मूल दोन वर्षांचे असो वा बारा, त्याचा नकार खरा मानला गेला, तरच पुढच्या वेळी ते मोकळेपणाने समोर येते. किशोरवयीन मुलांना फोटोवर स्वतःचा ताबा हवा असतो. कोणता फोटो ठेवायचा आणि कोणता पुसायचा, हे त्यांना ठरवू द्यावे.

इतरांना पाठवण्याचा प्रश्न याहून वेगळा आहे. काढण्याची परवानगी म्हणजे पसरवण्याची परवानगी नव्हे. अंघोळीचे, आजारपणाचे, रडण्याचे फोटो घराबाहेर जाऊ देऊ नयेत. फोनवरच्या फोटोत स्थानाची नोंद आपोआप जोडली जाऊ शकते, म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ती बंद करावी, आणि शाळेचे नाव किंवा घराचा क्रमांक फ्रेममध्ये आलेला नाही हे तपासावे.

एडिटिंग किती करावे?

क्रॉप, उजळपणा, रंगाचा समतोल: पाच मिनिटांत होते तेवढे. नंतर फेरफार करण्याची मोकळीक हवी असेल, तर रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात फोटो काढावेत. फाइल मोठ्या होतात, पण व्हाइट बॅलन्स पूर्णपणे बदलता येतो. नाकावरचा शेंबूड किंवा कालचा ओरखडा पुसायला हरकत नाही. तीळ, जन्मखूण, दातांमधली फट यांना हात लावू नये, आणि मुलांच्या त्वचेवर गुळगुळीत करणारा फिल्टर तर मुळीच चालवू नये.

मी स्वतः फोटोत कधीच नसतो किंवा नसते. काय करता येईल?

कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा पुस्तकांच्या थप्पीवर ठेवावा, ठरावीक अंतराने आपोआप फोटो काढण्याची सोय चालू करावी आणि मुलाबरोबर खेळायला बसावे. दहा सेकंदांच्या टायमरपेक्षा ही पद्धत सरस ठरते, कारण पळत जाऊन बसावे लागत नाही. फोकस आधी त्याच जागी ठेवलेल्या उशीवर करून स्थिर करावा आणि अ‍ॅपर्चर एफ/५.६ ठेवावे.

इतक्या फोटोंचे पुढे करायचे काय?

निवड त्याच दिवशी न करता काही दिवसांनी करावी. तोवर त्या दुपारचा उत्साह ओसरलेला असतो आणि फोटो फोटो म्हणून दिसू लागतो. सारख्या दहा फोटोंतून एक ठेवावा. आधी डोळे स्पष्ट आहेत का ते पाहावे, मग हावभाव, मग बाकीचे. अर्थात थोडा हललेला, पण मुलाचा स्वभाव नेमका पकडणारा फोटो या चाळणीत बसत नसला तरी ठेवावा.

ठेवलेल्या फोटोंच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक घराबाहेर किंवा क्लाउडवर असावी. संदेशांच्या अ‍ॅपवरून पाठवलेली प्रत बहुधा आकाराने घटवलेली असते. तिला मूळ फोटो समजू नये.

छापण्यासाठी फार मोठी फाइल लागते, हा गैरसमज आहे. ८ × १० इंचांच्या प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) २,४०० × ३,००० पिक्सेल, म्हणजे जेमतेम ७२ लाख पिक्सेल पुरतात आणि १२ मेगापिक्सेलचा फोनही ते सहज देतो. पहिल्या वेळी एकच लहान प्रिंट करून ती दिवसाच्या प्रकाशात तपासावी. स्क्रीन स्वतः उजळते आणि कागद उजळत नाही, त्यामुळे छापील फोटो बहुतेकदा अपेक्षेपेक्षा गडद येतो. तसे झाल्यास फाइल थोडी उजळ करून मगच मोठ्या आकाराची प्रिंट काढण्यास द्यावी.